दख्खन बेसाल्टातील उष्णजलीय क्रिया (सातारा–सांगली)

भूकवचात शिरलेला शिलारस, त्याने तापवलेले पाणी आणि त्या पाण्याने आणून साचवलेली खनिजे यांच्या व्यवस्थेस ‘शिलारसी-उष्णजलीय प्रणाली’ म्हणतात. ज्वालामुखीचा उद्रेक, भूऔष्णिक वाफ आणि तांबे-सोन्याचे धातुक ही एकाच प्रणालीची तीन रूपे असू शकतात. इटलीत लार्देरेल्लो येथे १९०४ मध्ये जमिनीतल्या वाफेवर प्रथम वीज काढली गेली. चिली व पेरूतील तांब्याच्या मोठ्या खाणी अशाच, पण कधीच थंडावलेल्या प्रणालींवर आहेत. सातारा-सांगलीत ही रूपे एकमेकांपासून तुटलेली दिसतात : लाव्हा उदंड, ऊन पाणी घाटाखाली कोकणात, आणि जे काही धातुक आहे ते पावसाने घडवलेले.

लाव्हा : दख्खन ट्रॅपचे उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झाले. उरलेले क्षेत्र सुमारे ५ लाख चौ. किमी. आहे. विश्वकोशाच्या कचेरीमुळे मराठी वाचकाच्या परिचयाचे वाई हे गाव भूविज्ञानात एका उपसमूहाचे नाव आहे. पोलादपूर, आंबेनळी व महाबळेश्वर हे त्यातील मुख्य शैलसमूह. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाटाने उतरताना ते एकाखाली एक ओळीने भेटतात. या उद्रेकांचा डायनोसॉरांच्या विनाशाशी नेमका संबंध किती, याविषयी मतभेद आहेत. युरेनियम-शिसे व आर्गॉन या पद्धतींनी काढलेले उद्रेकांचे कालक्रम तंतोतंत जुळत नाहीत.

तांब्याच्या मोठ्या साठ्यांसाठी पाण्याने समृद्ध असा शिलारस काही किलोमीटर खोलीवर अडकून सावकाश निवावा लागतो. त्यातून सुटणारे खारे, तप्त पाणी धातू बरोबर नेते. दख्खनचा बेसाल्टी रस तुलनेने कोरडा होता व लांबच लांब भेगांतून थेट पृष्ठभागावर पसरला. उष्णजलीय क्रिया झाली ती बुडबुड्यांच्या पोकळ्यांत : झिओलाइटे (स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट), ॲपोफिलाइट, कॅल्साइट व गारगोटी. हे पाणी फार तापलेले नव्हते. काही ॲपोफिलाइटांची वये लाव्हापेक्षा बरीच अलीकडची निघाली आहेत, म्हणजे खडक थिजल्यावरही पाणी त्यातून दीर्घकाळ फिरत राहिले. सर्वांत नावाजलेले नमुने जळगाव, नाशिक व पुण्याकडचे आहेत.

कोयनेचे बोअर : या भागाच्या खोलीविषयी जी खात्रीची माहिती आहे तिचे मूळ भूकंपात आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय १९६२ पासून भरू लागल्यावर हादरे सुरू झाले होते. धरणाच्या पाण्याने चाळवलेल्या भूकंपांचे हे जगातील ठळक उदाहरण मानले जाते. पुढे वारणा जलाशयाभोवतीही १९९३ पासून हादरे वाढले. त्यांचा अभ्यास करण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने व नंतर कराडजवळ हजारमाची येथील केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेने बेसाल्टाच्या आरपार वेधन केले. रासाटीच्या बोअरमध्ये बेसाल्टाची जाडी सुमारे ९३३ मी. भरली. गोठणे येथील ३ किमी. खोल प्रायोगिक बोअरमध्ये (२०१७) ती सुमारे १,२४७ मी. निघाली. दोन्ही ठिकाणच्या जमिनीची उंची निराळी असल्याने हा फरक दिसतो. लाव्हाचा तळ साधारण सपाट, समुद्रसपाटीखाली सुमारे ३०० मी. आहे. त्याखाली गाळाचे खडक न लागता एकदम ग्रॅनाइट-नाइस लागतो. सहा किमी. खोलीवर तापमान १३० ते १५० अंश से. असावे, असा अंदाज मांडला गेला आहे. जुन्या, थंड कवचात अपेक्षित असतो तेवढाच हा आकडा. खाली शिलारस दडलेला असता तर तापमान कितीतरी चढले असते.

उन्हाळी : गरम झऱ्यांना कोकणात उन्हाळी म्हणतात, राजापूरजवळच्या उन्हाळे गावाचे व खेड-दापोलीकडच्या उन्हवरेचे नाव त्यावरूनच. उन्हवरेचे पाणी ७० अंशांच्या आसपास असते. तुरळ, राजवाडी, आरवली हे आणखी झरे. ही रांग सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याला समांतर आहे. पाणी पावसाचेच, भेगांतून खोल जाऊन तापून वर येणारे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. समुद्राच्या पाण्याचा वाटा व खालच्या ग्रॅनाइटाचा प्रभाव हे वादाचे मुद्दे आहेत. या झऱ्यांवर वीजनिर्मिती होत नाही.

जांभा व धातुक : महाबळेश्वर, पाचगणी व कासचे सडे जांभ्याचे आहेत. मुसळधार पावसाने बेसाल्टातील सिलिका धुऊन नेली, लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. क्रिया थंड पाण्याची, म्हणून काटेकोरपणे ती या नोंदीत बसत नाही. पण या डोंगरांत माणसाने धातू काढला तो एवढ्याच एका दगडातून. महाबळेश्वरच्या रानात धावड लोक जांभ्यातले लोहधातुक वेचून कोळशाच्या भट्ट्यांत गाळत. रानतोडीवर ब्रिटिश अमदानीत आलेल्या निर्बंधांनी हा धंदा बसला. बॉक्साइटाच्या खाणी दक्षिणेस कोल्हापूर जिल्ह्यात, राधानगरी-शाहूवाडीकडे आहेत.

सांगली : पूर्व भाग पठारी, बेसाल्टाचा, नोंदण्याजोगे धातुक नाही.