बोवी गेला, पण नेमका कोणता? आठवणींना तारीख लावण्याची गोष्ट

संशोधनाची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: लोकांच्या आठवणी पुरावा म्हणून चालतात का? विज्ञान शाखेतून आलेल्यांना तर आठवण म्हणजे कॅलिब्रेशन न केलेलं उपकरणच वाटतं. माझं उत्तर असं की आठवणी चालतात, पण प्रत्येक आठवणीला तारीख लावावी लागते. म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून बघू. ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी १० जानेवारी २०१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये गेला. त्यानंतरच्या काही दिवसांत जगभरच्या चाहत्यांनी त्याला कसं आठवलं, हा आजचा विषय.

आधी माणूस समजून घेऊ

बोवीचं मूळ नाव डेव्हिड रॉबर्ट जोन्स. जन्म ८ जानेवारी १९४७, लंडनमधल्या ब्रिक्स्टनचा. आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी त्याचा आवाज ‘अंडर प्रेशर’ (१९८१) या गाण्यात ऐकलेला असतो. त्यात त्याच्यासोबत आहे पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी.

बोवीची खासियत म्हणजे तो सोंगं घ्यायचा. आपल्याकडच्या बहुरूप्यासारखा वेश तर बदलायचाच, पण वेशाबरोबर संगीतही बदलायचा. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरण्याच्या काही दिवस आधी त्याचं ‘स्पेस ऑडिटी’ आलं, आणि त्यातून मेजर टॉम नावाचा अंतराळवीर. १९७२ मध्ये झिगी स्टारडस्ट हा परग्रहाशी नातं सांगणारा रॉकस्टार. १९७३ मध्ये अलॅडिन सेन. १९७६ मध्ये पांढरा शर्ट आणि काळं जाकीट घातलेला थंड चेहऱ्याचा ‘थिन व्हाइट ड्यूक’. मग बर्लिनमधला प्रयोगशील बोवी, आणि १९८३ मध्ये ‘लेट्स डान्स’चा लोकप्रिय पॉप गायक.

यातलं एक सोंग त्यानं सर्वांसमोर संपवलं. ३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये त्यानं स्टेजवरून जाहीर केलं की हा आपला शेवटचा कार्यक्रम. प्रेक्षकांना वाटलं, बोवी निवृत्त झाला. त्याच्या बँडमधल्या दोघांनाही याची आधी कल्पना नव्हती. प्रत्यक्षात संपला होता तो झिगी. बोवीचा पुढचा अल्बम त्याच वर्षी आला. म्हणजे चाहत्यांनी त्याच्या जाण्याचं दुःख एकदा आधीच करून घेतलं होतं, आणि ते चुकीच्या माणसासाठी होतं!

ज्याचा त्याचा बोवी

आता २०१६ कडे येऊ. बातमी आल्यावर ब्रिक्स्टनमध्ये लोक एका भित्तिचित्रापाशी जमले, फुलं ठेवली, गाणी म्हटली. ते चित्र २०१३ मध्ये रंगवलेलं, आणि त्यातला विजेचा पट्टा असलेला चेहरा ‘अलॅडिन सेन’च्या कव्हरवरचा. बरेच जण तो चेहरा झिगीचाच समजतात. आठवणीत दोन सोंगं एकमेकांत मिसळतात ती अशी.

बर्लिनमध्ये चाहते हाउप्टश्ट्रासेवरच्या १५५ नंबरच्या इमारतीसमोर जमले. सत्तरच्या दशकात तो तिथे राहत होता. त्या शहराला विजेचा पट्टा आठवला नाही, भिंत आठवली. जून १९८७ मध्ये बोवी पश्चिम बर्लिनमध्ये राइशस्टागसमोर गायला होता, तेव्हा पलीकडे पूर्व बर्लिनमधले तरुण ऐकायला गोळा झाले होते. जर्मन परराष्ट्र खात्यानं तर भिंत पाडायला मदत केल्याबद्दल जाहीरपणे त्याचे आभार मानले. इथे संशोधकानं थांबायला हवं. कार्यक्रम जून १९८७ चा, भिंत पडली नोव्हेंबर १९८९ मध्ये. एक गोष्ट आधी घडली म्हणून ती पुढच्या गोष्टीचं कारण ठरत नाही.

पिढीप्रमाणेही फरक पडतो. ज्यांनी जुलै १९७२ मध्ये बीबीसीवर त्याला ‘स्टारमॅन’ गाताना पाहिलं, त्यांचा बोवी वेगळा. ज्यांनी लहानपणी ‘लॅबिरिंथ’ (१९८६) सिनेमातला राजा पाहिला, त्यांचा वेगळा. आठवणीत बोवीबद्दल जितकी माहिती असते, तितकीच आठवणाऱ्याच्या वयाबद्दल आणि गावाबद्दल असते. हा डेटाचा दोष नाही, हाही डेटाच आहे.

दोन दिवसांचा प्रयोग

सगळ्यात शिकण्यासारखा भाग इथे आहे. बोवीचा शेवटचा अल्बम ‘ब्लॅकस्टार’ आला ८ जानेवारी २०१६ ला, म्हणजे त्याच्या ६९ व्या वाढदिवशी. दोन दिवसांनी तो गेला. त्याला कॅन्सर होता हे जवळच्या थोड्याच लोकांना ठाऊक होतं. त्यामुळे १० तारखेच्या आधीची परीक्षणं आणि नंतरची परीक्षणं यांच्यात गाणी तीच, फक्त एक माहिती नवीन. इतिहासात इतका स्वच्छ ‘आधी-नंतर’ क्वचितच मिळतो.

आधीच्या लेखनात चर्चा होती जॅझ वादकांना घेऊन केलेल्या धाडसी प्रयोगाची. शीर्षकगीताचा संबंध पश्चिम आशियातल्या दहशतवादाशी आहे का, असाही तर्क चालू होता. नंतर मात्र जवळपास सगळ्यांना प्रत्येक ओळीत निरोप ऐकू यायला लागला. त्याचा निर्माता टोनी व्हिस्काँटी यानंही ही निरोपाची भेट असल्याचं लिहिलं.

मग गोष्ट मिटली का? नाही. त्याच व्हिस्काँटीनं काही दिवसांतच सांगितलं की मृत्यूच्या जेमतेम आठवडाभर आधी बोवीला आणखी एक अल्बम करायचा होता, आणि काही गाण्यांचे कच्चे आराखडेही तयार होते. ‘लॅझरस’च्या व्हिडिओत बोवी डोळ्यांवर पट्टी बांधून खाटेवर पडलेला दिसतो. त्याचा दिग्दर्शक योहान रेंक २०१७ मधल्या बीबीसीच्या माहितीपटात म्हणाला की खाटेची कल्पना बायबलमधल्या लॅझरसवरून त्याला स्वतःला सुचली होती, आजाराशी तिचा संबंध नव्हता. उपचार थांबवत असल्याचं बोवीला चित्रीकरणाच्या आठवड्यात कळलं, असंही त्यानं सांगितलं.

म्हणजे बोवीनं मृत्यूचा विचार केलाच नव्हता, असं नाही. आजारी माणूस तो करणारच. पण ‘सगळं ठरवून रचलेला शेवट’ ही मांडणी आपण शेवट कळल्यावर केली, आणि पुरावा तेवढा नीटनेटका नाही.

काय गळलं?

आठवणी काय धरून ठेवतात याइतकंच त्या काय सोडतात हेही पाहावं. १९८३ मध्ये बोवीनं एमटीव्हीच्या मुलाखतकारालाच विचारलं होतं की तुमच्या वाहिनीवर कृष्णवर्णीय कलाकार इतके कमी का दिसतात. ती चित्रफीत २०१६ मध्ये पुन्हा खूप फिरली. १९७६ मध्ये याच माणसानं मुलाखतींत फॅसिझमबद्दल कौतुकाची विधानं केली होती. नंतर त्यानं त्यांपासून फारकत घेतली, तेव्हाच्या कोकेनच्या व्यसनाकडे बोट दाखवलं. गंमत बघा, चांगलं वाक्य बोवीच्या नावावर जमा होतं आणि वाईट वाक्य ‘ड्यूक’च्या. सोंगाचा हा एक फायदाच म्हणायचा! संशोधकानं मात्र दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या खात्यात ठेवाव्यात.

सात ताऱ्यांची रेघ

त्याच जानेवारीत बेल्जियममधल्या एका रेडिओ केंद्रानं आणि मीरा वेधशाळेनं सात तारे जोडून बोवीच्या विजेच्या पट्ट्याची आकृती सुचवली. अनेक बातम्यांत ‘नव्या तारकासमूहाची नोंद झाली’ असं आलं. ते खरं नव्हतं. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेचे अधिकृत तारकासमूह ८८ आहेत आणि ८८ च राहिले. त्या सातांत आपली चित्राही आहे, पृथ्वीपासून सुमारे २५० प्रकाशवर्षं दूर. बाकीचे तारे वेगवेगळ्या अंतरांवर. रेघ दिसते ती आपण इथे उभे आहोत म्हणून.

चरित्राचंही तसंच. झिगी, ड्यूक, ब्लॅकस्टार यांना जोडणारी रेघ आपण २०१६ नंतरच्या जागेवरून ओढतो. चाहत्यांनी ती खुशाल ओढावी, दुःखाला आकार लागतोच. संशोधकानं रेघ कुणी, कधी आणि कुठून ओढली ते लिहून ठेवावं.

त्यासाठी साधा तक्ता पुरतो. तीन रकाने: घटना कधी घडली, सांगणाऱ्यानं ती कधी सांगितली, आणि सांगताना त्याला पुढचं काय ठाऊक होतं. तिसरा रकाना बहुतेक जण भरतच नाहीत. तुमच्या विषयातली एखादी मोठी घटना घ्या, तिच्या आदल्या आठवड्यातली कागदपत्रं आधी वाचा, नंतरची नंतर. दोन्हींत जो फरक दिसेल, तिथेच बऱ्याचदा तुमचा संशोधनाचा प्रश्न सापडतो.