लाटणं आणि तराजू

परवा नात म्हणाली, "आजोबा, मोबाईलवर सांगितलं की दहा मिनिटांत तूरडाळ घरी येते. तुम्ही भाव कसले बघत बसता?" मास्तरला प्रश्न विचारला की तास सुरू होतो, हे आता तिला कळलं असेल! मंडळी, तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

१९७२ चा दुष्काळ. मी नुकताच बी.ए. झालो होतो. काळाचौकीच्या चाळीत आमची एक खोली, वडील गिरणीत. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो मिळायची. तिची भाकरी थापताना आई रडकुंडीला यायची. गोडतेल आणि रॉकेल तर दुकानातून गायबच. खरं तर जीवनावश्यक वस्तूंचा कायदा १९५५ पासून होता. सरकारला भाव ठरवता येत होते, साठ्यावर मर्यादा घालता येत होती. पण भाव बांधला की माल फळीवरून उतरून मागच्या खोलीत जायचा. कायदा होता, पण त्या खोलीचं दार कोण उघडणार?

ते काम बायकांनी अंगावर घेतलं. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बाया एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. लाटणं मोर्चे निघाले, थाळ्या वाजल्या. एकटी कधी परळच्या पुढे न गेलेली माझी आई शेजारणींबरोबर लाटणं घेऊन गेली. परत आली तेव्हा घसा बसला होता, पण चेहरा काही वेगळाच दिसत होता.

दुसरी वाट जवळच नायगावात होती. १९४८ साली कामगारांनी तिथे आपली ग्राहक सहकारी मंडळी काढली होती, तोच पुढे 'अपना बाजार' झाला. या कल्पनेचं मूळ इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात. १८४४ साली तिथल्या २८ जणांनी वर्गणी काढून पीठ, लोणी, साखर विकणारं छोटं दुकान टाकलं. त्यांत बरेचसे विणकर, म्हणजे आमच्या गिरणगावचेच भाऊबंद म्हणायचे! नफा नकोच, असं ते म्हणाले नाहीत. उरलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत, एवढंच ठरवलं. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानही ठेवलं नाही. शेजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची यादी द्यायची आणि आलेला माल आपणच वाटून घ्यायचा.

पण गोष्ट इतकी सरळ नाही. १९८२ चा संप लागला. पगार बंद. रॉचडेलवाल्यांचा एक कडक नियम होता, उधारी नाही. आमच्या घरी त्या दिवसांत चूल पेटली ती कोपऱ्यावरच्या वाण्याच्या वहीवर. दहा वर्षांपूर्वी ज्याला आम्ही 'नफेखोर' म्हणून शिव्या घातल्या, त्याच्याच! तेव्हा कळलं की त्याच्या नफ्यात थोडी लबाडी असेल, पण बुडणाऱ्या उधारीची जोखीमही होती. नफ्याला मर्यादा हवीच, पण ती घालण्याआधी त्या नफ्यात काय काय आहे हे बघायला हवं.

आणि ते बघायला गिऱ्हाईक जागेवर हवं. सहकारी दुकानाच्या भावामुळे शेजारचा दुकानदारही दबकून असायचा, कारण माणसं दोन्हीकडे चौकशी करत. पुढे हातात चार पैसे आले, चकचकीत दुकानं आली आणि मीही तिकडे वळलो. कुणी हाकललं नव्हतं, माझा मीच गेलो. आता भाव मोबाईल सांगतो आणि आम्ही बटण दाबतो. हे नातीला सांगताना थोडी लाजच वाटली.

असो. आईचं ते लाटणं अजून घरात आहे. पुढच्या महिन्याचं सामान भरताना तीन ठिकाणचे भाव कागदावर मांडायचे, असं आजोबा-नातीचं ठरलं आहे.