आकड्यांशी संवाद : ‘एस’पासून ‘आर’पर्यंत

आकड्यांचे चार संच घ्या. प्रत्येकात क्ष आणि य यांच्या अकरा जोड्या. चारही संचांत क्ष ची सरासरी ९, य ची सुमारे ७.५. क्ष च्या सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज प्रत्येक वेळी ११०. सहसंबंध गुणांक ०.८२ च्या आसपास, आणि बिंदूंना सर्वांत जवळची रेषा य = ३ + ०.५ क्ष. नुसती उत्तरे तपासणारा परीक्षक म्हणेल, चारही संच सारखेच!

आता तेच बिंदू आलेख कागदावर मांडा. पहिल्या संचातील बिंदू रेषेच्या आजूबाजूला विखुरलेले दिसतात. दुसऱ्यात स्वच्छ वक्र आहे. तिसऱ्यात दहा बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत आणि अकरावा फटकून वर. चौथ्यात तर दहा बिंदू क्ष = ८ या उभ्या रेषेवर एकावर एक, आणि एकच दूर १९ वर. तो एक काढला तर रेषेचा चढ काढताच येत नाही. सगळी मदार त्या एकट्यावर.

येल विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्स्कोम्ब यांनी हे संच १९७३ साली प्रसिद्ध केले. आकडेमोड अचूक आणि आलेख मात्र ढोबळ, हा समज त्यांना मोडायचा होता. समजाचे एक कारण अगदी व्यावहारिक होते. त्या काळी संगणकाकडून काही करून घ्यायचे तर फोर्ट्रानमध्ये आज्ञावली लिहायची, ती पंचकार्डांवर उतरवायची, गठ्ठा संगणक केंद्रात द्यायचा आणि छापील उत्तराची वाट पाहायची. उत्तर पाहून नवा प्रश्न सुचला, तर पुन्हा सारे पहिल्यापासून. अशा व्यवस्थेत ‘जरा आलेख काढून पाहू’ असे कोण म्हणणार?

अ‍ॅन्स्कोम्ब यांचे साडू जॉन ट्युकी हे प्रिन्स्टन विद्यापीठ आणि बेल प्रयोगशाळा अशा दोन्ही ठिकाणी काम करीत. आकडेवारीला आधी मोकळ्या मनाने न्याहाळावे, गृहीतके नंतर तपासावीत, हा त्यांचा आग्रह. पेटी-आलेखासारख्या त्यांच्या पद्धती कागद-पेन्सिलीनेही करता येतात. त्यांचे यावरील पुस्तक १९७७ सालचे.

न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत संख्याशास्त्रज्ञांजवळ फोर्ट्रानमधील उपआज्ञावलींचा उत्तम संग्रह होता. तरीही बारीकसारीक प्रश्नासाठी दरवेळी नवी आज्ञावली लिहावी लागे. १९७६ च्या मे महिन्यात जॉन चेंबर्स, रिक बेकर आणि त्यांचे काही सहकारी यावर विचार करायला बसले. त्यातून ‘एस’ ही भाषा जन्मली. (एकाच अक्षराचे नाव ठेवण्याची तेथे प्रथाच असावी, ‘सी’ भाषाही तेथलीच!) एस मध्ये एक ओळ टंकित केली की उत्तर लगेच समोर. शंभर आकड्यांचे वर्गमूळ हवे, तर संपूर्ण यादीला एकच आज्ञा. पुढच्या ओळीत आलेख. तो पाहून सुचलेला प्रश्न त्यापुढच्या ओळीत.

आलेखाचे कौतुक सगळेच करतात. मला त्या ओळी अधिक मोलाच्या वाटतात. त्या फायलीत जपून ठेवता येत, पुन्हा चालवता येत, आणि त्यांच्यातूनच स्वतःची नवी आज्ञा घडवता येई. कोणता बिंदू गाळला, कोणत्या टप्प्यावर काय भागले, हे सारे त्यात नोंदलेले. प्रयोगवहीत मूळ निरीक्षणे खोडू नका, असे आपण विद्यार्थ्यांना बजावतो. ही आकडेमोडीची प्रयोगवहीच होती. ती दुसऱ्याच्या हाती दिली की त्याला आपले काम पायरीपायरीने तपासता येते.

चेंबर्स यांना या कामासाठी १९९८ साली एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला. पण ‘एस-प्लस’ हे एसचे व्यापारी रूप विकत घ्यावे लागे. पुढचे पाऊल पडले ते न्यूझीलंडमध्ये, आणि तेही शिकवण्याच्या गरजेतून. ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांना विद्यार्थ्यांच्या मॅकिंटॉश संगणकांसाठी चांगले साधन हवे होते. त्यांनी एसच्या धर्तीवर छोटी भाषा रचली. दोघांच्या नावांचे आद्याक्षर एकच, म्हणून ती ‘आर’. वर्णमालेत एसच्या आधीचे अक्षर, ही कोटीही साधली. १९९३ मध्ये ती इतरांपुढे आली. झ्यूरिकच्या मार्टिन मेक्लर यांनी आग्रह धरला, आणि १९९५ मध्ये ती मूळ आज्ञावलीसह सर्वांना मुक्त झाली. १.० ही आवृत्ती निघाली २९ फेब्रुवारी २००० रोजी. शतकी वर्ष असूनही ४०० ने भाग जात असल्याने ते लीप वर्ष होते, हे वर्गात सांगण्याजोगे.

आर आजही विनामूल्य मिळते आणि अ‍ॅन्स्कोम्बचे चारही संच त्यात तयार असतात. संगणक नसला तरी अडत नाही. चौथ्या संचातील य च्या किमती अशा : क्ष = ८ असताना ६.५८, ५.७६, ७.७१, ८.८४, ८.४७, ७.०४, ५.२५, ५.५६, ७.९१, ६.८९; आणि क्ष = १९ असताना १२.५०. निम्म्या वर्गाला फक्त सरासरी व रेषा काढायला सांगा, निम्म्याला आधी आलेख. मग दोन्ही गटांना विचारा, क्ष = १४ असेल तर य किती?