दिनविशेष : १८ मे
कुन्छू नाट्याला जागतिक मान (२००१)

मौखिक आणि अमूर्त वारशाच्या श्रेष्ठ नमुन्यांची पहिली यादी युनेस्कोने २००१ मध्ये आजच्या दिवशी जाहीर केली. तिच्यातल्या १९ नमुन्यांमध्ये चीनचे कुन्छू संगीतनाट्य होते आणि केरळचे कुटियाट्टमही.

कुन्छू ही सुझोऊजवळच्या कुनशान परिसरात मिंग राजवटीच्या काळात घडलेली शैली. बासरीच्या साथीने लांबवत नेलेले सूर आणि प्रत्येक शब्दाला जोडलेली हालचाल ही तिची ओळख. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती जवळजवळ विझली होती. १९५६ साली झेजियांग प्रांतातल्या नाटक मंडळीने ‘पंधरा माळा नाणी’ हे जुने नाटक नव्याने बसवले, ते बीजिंगमध्ये गाजले आणि ‘एका नाटकाने अख्खा नाट्यप्रकार जगवला’ असा गौरव चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स डेली’ या मुखपत्राने अग्रलेखात केला. त्या अग्रलेखाची तारीखही १८ मेच! पुढे सांस्कृतिक क्रांतीत मात्र पारंपरिक रंगभूमीचे तोंडच बंद केले गेले. जे सरकार उचलून धरते, तेच चिरडूही शकते, हे या इतिहासात विसरता येत नाही.

युनेस्कोच्या मानानंतर चीन सरकार नेटाने कामाला लागले. २००६ मध्ये ५१८ परंपरांची पहिली राष्ट्रीय यादी आली, २०११ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्यातली सर्वांत मोलाची तरतूद कलावंताविषयीची आहे. अधिकृत वारसदार ठरलेल्याने शिष्य घडवलेच पाहिजेत. सबळ कारणाशिवाय हे टाळणाऱ्याची मान्यता काढून ती दुसऱ्याला देता येते.