बाळंतपण घरातून दवाखान्यात कसे गेले?

आमच्या पिढीतल्या बहुतेकांचा जन्म घरीच झाला. गावात सुईण असे, आमच्या मोहल्ल्यात तिलाच दाई म्हणत. मग एवढ्या थोड्या काळात बाळंतपण दवाखान्यात गेले कसे? "अडाणी बाया आता शहाण्या झाल्या," हे उत्तर मी शिक्षकांच्या तोंडूनही ऐकले आहे. मला ते पटत नाही.

पूर्वी बाईसाठी दवाखाना होताच कुठे? पुरुष डॉक्टरसमोर जायची लाज फक्त पडदानशीन मुसलमान घरांत नव्हती, हिंदू घरांतही होती. म्हणून तर 1885 मध्ये डफरिन फंड निघाला आणि 1886 मध्ये मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झाले. पण ही सोय शहरापुरती. खेड्यात मध्यरात्री हाक मारली तर येणारी दाईच.

2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली फक्त 38.7 टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली दिसतात. घरी बाळंत झालेल्या बहुतेक जणींनी कारण सांगितले, "गरज वाटली नाही." त्याखालोखाल खर्च.

एप्रिल 2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली. रोख मदत मिळू लागली आणि गावोगाव आशाताई फिरू लागल्या. माझ्या मते पैशापेक्षा आशाताईचे काम मोठे. दवाखान्यात न्यायचे की नाही हे बहुधा सासू ठरवते, आणि आशा त्याच गावची सून. ती ओट्यावर बसून सासूशी बोलू शकते. 2011 पासून सरकारी दवाखान्यात सिझेरियन, औषधे, जेवण, गाडी सगळे मोफत झाले. 2015-16 मध्ये आकडा 78.9 वर गेला.

एक गोष्ट मात्र खटकते. महाराष्ट्रासारख्या राज्यांत ही रोख मदत सुरुवातीला फक्त गरीब आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायांना, तीही पहिल्या दोन बाळंतपणांपुरतीच होती. चौथ्या-पाचव्या खेपेला रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि नेमकी तीच बाई मदतीबाहेर! दोन मुलांची अट 2013 मध्ये काढली.

2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्र 94.7 टक्क्यांवर आहे. माझ्या एका मामेबहिणीला सरकारी दवाखान्यात ऐन कळांमध्ये ऐकवले गेले, "तुम्हा लोकांना किती मुले लागतात?" तिचे ते दुसरेच बाळंतपण. पुढच्या वेळी घरच्यांनी कर्ज काढून तिला खासगीत नेले. पाहणीच्या हिशेबात ही दोन्ही बाळंतपणे एकाच रकान्यात बसतात.