विमानाच्या रंगाचे वजन



सुरत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तापीच्या काठचे ते गजबजलेले बंदर, तेथील कापड आणि जरीचा व्यापार उभा राहतो. परंतु या शहराची आणखी एक ख्याती होती, ती तेथे बांधलेल्या सागवानी जहाजांची. जॉन हेन्री ग्रोस या इंग्रज प्रवाशाचे हिंदुस्थानविषयीचे प्रवासवृत्त १७५७ साली प्रसिद्ध झाले. सुरतेचे कारागीर फळ्यांच्या कडा एकमेकींत कशा बसवीत आणि जहाजाच्या तळात वेळोवेळी एक प्रकारचे वृक्षतेल कसे जिरवीत, याचे वर्णन त्याने मोठ्या कौतुकाने केले आहे. याच सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईस आले आणि मुंबईच्या जहाजबांधणीचा पाया त्यांनी घातला.

त्या कारागिरांचे तेल शोभेकरिता नव्हते. लाकूड टिकावे एवढाच त्याचा हेतू होता. त्याचे वजन किती, हा प्रश्नही त्यांना पडला नसेल, कारण जहाजाचा भार पाणी पेलते. परंतु जो कारागीर आपल्या घरी, आपल्या हातांनी विमान बांधतो, त्याला हा प्रश्न टाळता येत नाही. सांगाडा उभा राहिला, इंजिन बसले, आता रंग कोणता आणि किती, येथे येऊन तो थबकतो. त्याच्याकरिता आज थोडा इतिहास चाळू.

प्रथम साधा हिशेब पाहू. एका लहान, दोन आसनी विमानाचा सगळा बाह्य पृष्ठभाग ५० चौरस मीटर आहे असे समजा. त्यावर वाळलेल्या रंगाचा थर मिलिमीटरच्या एक दशांशाइतका बसला, तर तो रंग पाच लिटर भरतो आणि त्याचे वजन सुमारे सात किलो होते. हे वजन म्हणजे जवळजवळ दहा लिटर पेट्रोल! थर दुप्पट झाला की वजनही दुप्पट. बांधणाऱ्याने महिनोन्‌महिने एकेक खिळा तोलून वाचविलेले वजन दोन दिवसांच्या रंगकामात परत येऊन बसते, आणि पुढे प्रत्येक उड्डाणात ते वाहावे लागते.

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे जे विमान उडाले, त्याच्या पंखांवरील सुती कापडाला कसलाही लेप नव्हता. इंजिन अवघे बारा अश्वशक्तीचे होते. पुढे कापड ताणून घट्ट बसावे, त्यातून हवा झिरपू नये, म्हणून त्यावर सेल्युलोजचे द्रावण फासू लागले. त्यास डोप म्हणतात. उन्हाने कापड कुजते, म्हणून त्यात रंगद्रव्ये किंवा ॲल्युमिनियमची पूड मिसळण्यात आली. म्हणजे येथेही रंगाचे पहिले काम सुरतेच्या तेलाचेच होते, रक्षणाचे.

या रक्षणाची किंमत मात्र केवळ पैशांत मोजली गेली नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधील विमानांच्या कारखान्यांत डोप लावणाऱ्या कामगारांना कावीळ होऊ लागली आणि काही दगावले. डोपमधील टेट्राक्लोरोइथेन हे द्रावक त्यांचे यकृत जाळीत होते. शेवटी ते द्रावक वर्ज्य करावे लागले. आजच्या टिकाऊ पॉलियुरेथेन रंगांतील कठीणकारी द्रव्यही फुफ्फुसांस घातक असते. बंद खोलीत, तोंडाला रुमाल बांधून फवारा मारणाऱ्या हौशी माणसाने त्या कामगारांचे स्मरण ठेवावे.

धातूची विमाने आली, तेव्हा रंग नाकारणेही शक्य झाले. १९४४ च्या सुमारास अमेरिकेच्या सैन्याने बहुतेक नव्या विमानांवरील छद्मरंग सोडून दिला. वजन, पैसा आणि वेळ तिन्ही वाचले. १९८१ साली अमेरिकेच्या अंतराळयानाच्या पहिल्या दोन उड्डाणांत इंधनाची बाहेरची टाकी पांढरी रंगविलेली होती. पुढे तो रंग वगळताच सुमारे २७० किलो वजन कमी झाले. त्या टाकीला रंगाची गरज नव्हती, हे अनुभवाने कळले होते.

याउलट काही विमानांना रंगावाचून गत्यंतर नसते. १९७५ नंतर बर्ट रुटान यांच्या आराखड्यांवरून काचतंतू आणि फेस यांची विमाने अनेकांनी घरी बांधली. उन्हात तापली तर त्यांतील राळ मऊ पडते, म्हणून ती पांढरीच ठेवावी लागतात. आपल्याकडील वैशाखाच्या उन्हात गडद निळ्या रंगाचा मोह किती महागात पडेल, हे सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट अनुभवी माणसे बजावतात. पंखांच्या आणि शेपटीच्या हलत्या भागांवर रंगाचे जादा थर चढले, तर बिजागरीमागचा भार वाढतो, तोल बिघडतो आणि वेगात तो भाग थरथरू लागतो. ती थरथर विमान मोडू शकते. म्हणून रंगानंतर या भागांचा तोल पुन्हा साधावा लागतो आणि सबंध विमान पुन्हा काट्यावर चढवावे लागते. खर्चाचा विचार करताना डब्याची किंमत तेवढी पाहून भागत नाही. घासणे, धुणे, झाकणे, वाळविणे आणि पुन्हा तोलणे यांचे दिवसही त्यात धरावेत.

आपल्या मुंबईतच याचे जिवंत उदाहरण आहे. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईतील प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०१७ साली नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली. गच्चीवर अर्धे बांधलेले विमान रंगाविना उभे असते, तेव्हा पाहणाऱ्याला ते भंगार वाटते. रंग चढताच तेच लोक त्याला विमान म्हणू लागतात. बांधणाऱ्याचा मोह येथून जन्मतो. वस्तुतः व्हीटीने सुरू होणारी नोंदणीची अक्षरे रंगविली, की राज्याची मागणी पुरी होते. गंज आणि ऊन अडविण्यापुरता थर हा विमानाचा हक्क. त्यापुढचा आपल्या हौसेचा.

हौस करू नये, असे मी म्हणत नाही. मात्र रंग हातात घेण्यापूर्वी विमान एकदा तोलावे आणि रंग वाळल्यावर पुन्हा तोलावे. दोन आकड्यांतील फरक कागदावर लिहून ठेवावा. आपल्या हौसेसाठी विमान किती भार वाहणार आहे, ते त्या कागदावर स्पष्ट दिसेल. आणि सुरतेच्या कारागिराने फळीत जेवढे तेल जिरेल तेवढेच जिरविले, त्यात किती शहाणपण होते तेही कळेल.