ठाणे-पनवेल लोकल आणि कॅनडाचं भांडण

मित्रांनो, दिघा गाव स्टेशनवर उभं राहिलं की एका बाजूची गाडी ठाण्याला जाते, दुसऱ्या बाजूची पनवेलकडे. आज ह्या दोन टोकांबद्दल लिहितोय. आणि मधे कॅनडा येणार आहे, दचकू नका. आपल्याकडची पोरं हल्ली कॅनडाला जायची स्वप्नं बघतात. अडीचशे वर्षांपूर्वी मात्र कॅनडातलं भांडण चालत चालत आपल्याकडे आलं होतं.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स. पोर्तुगीज राजकन्येशी लग्न ठरलं तेव्हा त्याला मुंबई आंदण मिळाली. १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. दोनच वर्षांनी, १६७० मध्ये, ह्याच राजाने कॅनडाचा अफाट मुलूख हडसन बे कंपनीला दिला. त्याचं भाडं काय? राजा तिकडे गेला तर दोन एल्क हरणं आणि दोन काळे बीव्हर! मुंबईतल्या कोळ्यांना कुणी विचारलं नाही, तसंच तिथल्या मूळ जमातींनाही नाही.

कॅनडात फ्रेंच आधीच होते. शाम्प्लेनने १६०८ मध्ये क्यूबेक वसवलं होतं. बीव्हरच्या कातड्याच्या व्यापारावरून दोघांची शे-दीडशे वर्षं जुंपली. १७५९ मध्ये क्यूबेक पडलं. १७६० मध्ये इकडे वांदिवाशला फ्रेंच हरले. १७६३ चा पॅरिसचा तह झाला आणि कॅनडा इंग्रजांकडे गेला. भारतात फ्रेंचांना पाँडिचेरीसारखी ठाणी परत मिळाली, पण जोर गेला. अपमान मात्र ते विसरले नव्हते.

आता आपल्या पहिल्या टोकाकडे, ठाण्याला. आज जिथे सेंट्रल जेल आहे तो पोर्तुगीजांचा किल्ला. १७३७ मध्ये मराठ्यांनी तो घेतला. १७७४ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांच्या कानावर आलं की पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला निघालंय. दुसऱ्याने घ्यायच्या आत आपणच घ्या, असा हिशोब झाला. डिसेंबरात तोफा लागल्या आणि किल्ला पडला. आतली बहुतेक शिबंदी कापली गेली. भांडण दोन गोऱ्यांचं, मेले ते आपले.

पुढे मार्च १७७५ मध्ये पेशवेपदासाठी हपापलेल्या राघोबादादांनी सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई इंग्रजांना लिहून दिली. घरातली भाऊबंदकी होती म्हणूनच बाहेरच्याला दार सापडलं.

दुसरं टोक पनवेल. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस चौलला उतरून पुण्यात आला. नाना फडणवीसांनी त्याचं थाटात स्वागत केलं. त्याला चौल बंदर हवं होतं. बदल्यात अडीच हजार गोरे सैनिक आणतो, दहा हजार शिपाई तयार करून देतो, असं तो बोलत होता. गडी होता बोलघेवडा, पण नानांना इंग्रजांना धाक दाखवायला तेवढा पुरेसा होता. त्यातच १७७८ मध्ये अमेरिकेच्या युद्धात फ्रान्स इंग्रजांविरुद्ध उतरला. चौलला फ्रेंच बसले तर मुंबईचं काय, ह्या धास्तीने इंग्रजांची झोप उडाली.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात राघोबांना गादीवर बसवायला सुमारे ३,९०० ची इंग्रज फौज पनवेलला उतरली. सोबत सुमारे १९,००० बैल! घाट चढायलाच आठवडे गेले. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. तोच आपला 'इष्टुर फाकडा'. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला महादजी शिंदे आणि मराठी फौजेने सगळी सेना कोंडली आणि इंग्रजांनी साष्टीसकट मुलूख परत द्यायचं कबूल केलं.

पण कलकत्त्याच्या हेस्टिंग्जने तो तह फेटाळला. लढाई लांबली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. म्हणजे खाडीपलीकडे इंग्रज, अलीकडे पेशवे. १८१७ पर्यंत आपल्या दारातली ही खाडी दोन राज्यांची सरहद्द होती!

पॅरिसमध्ये सह्या झाल्या त्याच वर्षी तिकडे ओटावा जमातीचा पॉन्टिॲक उठला. आमची जमीन फ्रेंचांनी तुम्हाला दिलीच कशी, हा त्या लोकांचा प्रश्न होता. हा प्रश्न दिघ्याला, ठाणे-बेलापूर पट्ट्याला ओळखीचा वाटावा. आधी एमआयडीसी, मग सिडको. सह्या कुठेतरी होतात, आणि आपल्या पायाखालची जमीन कुणाची झाली ते आपल्याला मागाहून कळतं. आजही बांधकाम पाडायची नोटीस दारावर लागते तेव्हाच आपण कागद शोधायला धावतो.

म्हणून सांगतो, घरात जुने सातबारे, फेरफार, भूसंपादनाच्या नोटिसा असतील तर जपा. रद्दीत घालू नका. वडगाव जिंकूनही साष्टी आपल्याला मिळाली नाही. रणात जिंकलेलं कागदावर गेलं.

कमेंटमध्ये सांगा, तुमच्या घरातला सगळ्यात जुना कागद कोणत्या सालचा आहे?